वळसंग ते विशाखापट्टणम : अण्णांना पुन्हा पाणबुडीत नेलं तेव्हा

खरं सांगायचं तर हा प्रवास एका सहीवरून घडला. माझी मुलगी ऋतुजा नौदलाच्या भरतीत निवडली गेली. लेखी परीक्षा, पळणं, डॉक्टरी तपासणी, सगळ्यातून पार पडली. फक्त अठरा पूर्ण व्हायला तीन महिने कमी पडत होते, म्हणून कागदांत पालकाची संमती हवी होती. पालक म्हणजे मी. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वर्षभर लोकांच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत तांब्याची तार भरायची आणि एकदा कुठंतरी भटकून येऊन इथं लिहायचं, असा माझा धंदा आणि असा माझा नाद. सही करायला मला अर्धा मिनिटही लागलं नसतं. पण गावी, वळसंगला, माझी आई अडून बसली होती.

आईचं म्हणणं एवढंच होतं : "नेव्हीत न्हाय पाठवायचं. घरात मडं पडलं तरी माणसाला यिऊ देत न्हाईत."

ही ऐकीव गोष्ट नव्हती. माझे वडील, अण्णा, पंधरा वर्षं नौदलात होते, त्यातली बहुतेक पाणबुडीत. माझ्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, शकू. अडीच वर्षांची असताना ताप आणि जुलाबांनी ती गेली. मामानं सोलापूरला जाऊन तार केली, पण अण्णा आले नाहीत. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं, सुट्टी मिळाली नाही म्हणून. आईनं ते पत्र वाचून घेतलं आणि पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही. त्यालाही आता जवळजवळ पन्नास वर्षं झाली. दोघं एका घरात राहतात, तुरीच्या भावावरून वाद घालतात, आई वेळेवर त्यांच्या हातात चहा देते. पण शकूचं नाव दोघांमध्ये निघालेलं मी तरी ऐकलं नाही.

आईला डावलून सही करायची माझी छाती नव्हती. ऋतुजा चार दिवस जेवताना कुणाशी बोलत नव्हती. कागद पोचवायला बारा दिवस उरले होते. आणि ज्यांच्या शब्दाला या घरात खरं वजन, ते अण्णा हो म्हणेनात की नाही म्हणेनात. मग एका रविवारी गोठ्यातून हात धुऊन येता येता ते म्हणाले, "पोरीला एकदा आत न्हिऊन दावू. मग काय ते ठरवा."

आत म्हणजे पाणबुडीच्या आत. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर एक निवृत्त पाणबुडी वाळूवर ओढून ठेवलेली आहे, तिकीट काढलं की आत जाता येतं. अण्णांची पाणबुडी केव्हाच भंगारात गेली, पण ही तिच्याच जातीची, त्याच रशियन बनावटीची. मी त्याच संध्याकाळी तिकिटं काढली.

सोलापूरहून विशाखापट्टणमला थेट गाडी आहे, मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी. रात्री सोलापुरात बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरायचं, एकवीस-बावीस तास धरून चाला. स्लीपरमध्ये स्वस्तात होतं. आम्ही अण्णांच्या गुडघ्यांकडे बघून वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ घेतला, त्यांचं वय शहात्तर. आई प्रवासावर नाराज होती तरी शिदोरीत तिनं काही कमी केलं नाही. कडक भाकरीची चळत, शेंगाचटणी, धपाटे आणि दह्याची मिरची, सगळं पिशवीत आपटून भरलं होतं.

सकाळी सिकंदराबाद मागं पडल्यावर भाकरीची पिशवी उघडली आणि अण्णा एकटेच हसायला लागले. पहिल्यांदा पाणबुडीवर गेले तेव्हा त्यांनी चाळीस कडक भाकऱ्या नेल्या होत्या म्हणे. आपल्याकडे कडक भाकरी महिनाभर खडखडीत राहते, त्यामुळं वळसंगच्या कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण ती राहते आपल्या कोरड्या हवेच्या जिवावर, हे त्यांना कुठं ठाऊक! पाणबुडीतली हवा सदा ओली. चौथ्या दिवशी भाकरी चामड्यासारखी झाली आणि आठव्या दिवशी हिरवी पडली. सगळ्या बोटीनं त्यांची टिंगल केली. पण पुढं त्यांनी ती फेडली. पाणबुडीत गोडं पाणी मोजून मिळतं, आंघोळ जवळजवळ बंदच. केरळ-बंगालची पोरं दिवसातून दोनदा आंघोळ करणारी, ती रडकुंडीला आली. अण्णांना काहीच वाटलं नाही. एका तांब्यात तोंड, हात, पाय धुऊन उरल्या पाण्यात गंजीफ्रॉक धुऊन काढायची कला ते घरूनच शिकून गेले होते. एका साहेबानं म्हणे त्यांना उभं करून बाकीच्यांना ते दाखवायला लावलं. सोलापूरच्या दुष्काळाचा देशाला झालेला हा एक उपयोग माझ्या तरी ऐकण्यात नव्हता.

ऋतुजानं भरतीसाठी नौदलाचा इतिहास घोकला होता. वरंगळ ते विजयवाडा ती आणि अण्णा आळीपाळीनं तो मला सांगत होते. मी अर्धी भाकरी हातात धरून ऐकत बसलो. पहिल्या महायुद्धात एक जर्मन जहाज एकटं आलं, मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफगोळे टाकून गेलं, आणि किनारा नुसता बघत राहिला. त्या काळी जहाजं कोळशावर चालायची. आपली माणसं जहाजाच्या पोटात भट्टीपुढं उघडी उभी राहून फावड्यानं कोळसा टाकायची आणि हुकूम द्यायला वर साहेब असायचा. मग कोळसा जाऊन तेल आलं. दुसऱ्या महायुद्धात विमानं आली, रडार आलं, पाण्याखालचा आवाज ऐकणारी यंत्रं आली. स्वातंत्र्यानंतर फाळणीत जहाजंसुद्धा वाटली गेली आणि आपल्या वाट्याला इंग्रजांची जुनीपुराणी आली. विमानवाहू जहाज आपण पहिल्यांदा घेतलं तेही त्यांच्याकडून, अर्धवट राहिलेलं पुरं करून.

आणि मग एकाहत्तर. किनाऱ्याच्या राखणीसाठी घेतलेल्या छोट्या क्षेपणास्त्र बोटी, ज्यांच्या टाकीत लांब जाऊन परत येण्याएवढं तेलच मावायचं नाही. त्या बोटी मोठ्या जहाजांनी दोर बांधून ओढत पार कराचीच्या दिशेनं नेल्या. नांगर बैलगाडीला बांधून रानात न्यावा तशा. तिथं जाऊन दोर सोडला आणि त्यांनी बंदर पेटवलं. हे मी शाळेत वाचलं असणार, पण तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्या गाडीत मात्र अंगावर काटा आला. ज्यांच्याकडे फार नव्हतं त्यांनी आहे त्यातून डोकं लढवलं, हे आम्हा दुरुस्तीवाल्यांना लगेच कळतं.

"आनि आता?" अण्णांनी ऋतुजाला विचारलं. आता विमानवाहू जहाज आपल्याच गोदीत बांधतात, अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बांधतात, असं ती म्हणाली. अण्णांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल आला तेव्हा ते दारापाशी जाऊन उभे राहिले. पूल संपेचना. नाशिकला आपण जिच्यात पाय बुडवतो तीच ही नदी, यावर माझा विश्वास बसेना.

संध्याकाळी उतरलो. पेठेत माझ्या दुकानाशेजारी सगळे पद्मशाली विणकर, त्यामुळं तेलुगू मला येतं असा माझा समज होता. रिक्षावाल्याशी दोन वाक्यं बोललो आणि त्यानं आदरानं हिंदी सुरू केली. पुढं हसू दाबत म्हणाला, तुमचं तेलुगू माझी पणजी बोलायची तसं आहे. स्टेशनपासून किनारा चार-पाच किलोमीटर आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे भाव जास्त असतात; दोन गल्ल्या आत गेलात की हजार-बाराशेत तिघांची बरी खोली मिळते. सकाळी उठून भाकरी बघितली तर आईची कडक भाकरी मऊ पडली होती. अण्णांनी नुसती ती वाकवून मला दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यालगतच्या जुन्या बंगल्यातलं संग्रहालय बघितलं. तिथं दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी या शहरावर टाकलेला, न फुटलेला बॉम्ब ठेवलाय, आणि जहाजांच्या प्रतिकृतीही आहेत. शाळेच्या सहली येतात, म्हणून लवकर जा. दुपारी केळीच्या पानावर जेवलो. अंबाडीची आंबट चटणी आपल्या शेंगाचटणीच्या तोडीची आहे, हे सोलापूरकर म्हणून जड मनानं लिहितोय. पाणबुडी आम्ही गेलो त्या दिवशी दोन वाजता उघडली. सोमवारी बंद असते असं कळलं, वेळा विचारूनच जा. तिकीट शंभराच्या आतलं.

आणि मग ती समोर आली. फोटोत मी शंभरदा बघितली होती, तरी बघताच पाऊल थांबलं. नव्वद मीटरच्या आसपास लांबीचं काळं लोखंड, मागं समुद्र. आमच्या पेठेतली अख्खी गल्ली तिच्यात मावेल. गंमत म्हणजे रस्त्याच्या पलीकडे एक अवाढव्य विमान उभं केलंय, समुद्रावर तासन्‌तास घिरट्या घालून पाणबुड्या हुडकणारं. हयातभर एकमेकांवर टपलेली ही दोघं, आता म्हातारपणी रस्त्याच्या दोन बाजूंना उभी आहेत.

आत गाईड होते ते स्वतः निवृत्त नौसैनिक, आंध्रचेच, साठीच्या पुढचे. वीस जणांचा घोळका होता. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक आहे, मोठ्या परातीएवढं म्हणा ना. सगळे आधी डोकं घालत होते, मग अडकत होते, कुणाचं कपाळ आपटत होतं. मीही आपटलं. माझ्यामागं अण्णा होते. गुडघे धरून जिना चढणारे माझे अण्णा. त्यांनी न बघता दोन्ही हात वरच्या कडेवर टाकले, दोन्ही पाय एकदम उचलून भोकातून पलीकडे सोडले आणि सरळ उभे राहिले. पलीकडे गाईड बघत होते. त्यांनी बोलणं थांबवलं आणि हिंदीत विचारलं, "साहेब, कुठल्या विभागात होता?" अण्णा म्हणाले, इंजिनरूम. त्या गृहस्थांनी टाचा जुळवल्या. अण्णांकडे असं कुणी बघितलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. 

पुढचा तास माझ्या आयुष्यात मी विसरणार नाही. तीन डिझेल इंजिनं, त्यांच्यामागं तीन विजेच्या मोटारी. वर असताना इंजिनं बॅटऱ्या भरणार, खाली गेलं की इंजिनं बंद, कारण त्यांना हवा लागते, आणि मग नुसत्या मोटारी चालणार. मी तीस वर्षं मोटारी उघडतोय, पण ज्या मोटारीच्या आवाजावर पंचाहत्तर माणसांचा जीव टांगलेला असतो ती कशी असते, ते तिथं बघितलं. तिचं वायंडिंग करणाऱ्या माणसाचा हात कापत नसेल का? आत शत्रू दिसत नाही, काहीच दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी दुर्बिणीतून एकमेकांना बघून लढणारी माणसं इथपर्यंत येऊन पोचली होती. अण्णा म्हणाले, "आमी नुसतं ऐकायचो. पान्याचा आवाज, आपला आवाज. खोकला आला तर उशीत तोंड घालायचं." झोपायला फळ्या होत्या, आणि त्याही तिघांत दोन. एक उठला की दुसरा त्याच्या उबेत झोपणार. ऋतुजा एका फळीवर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा उजळला होता, आणि ते बघून मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

रेडिओची खोली आली. खोली कसली, आपल्या देवघराएवढी. ऋतुजानं गाईडना विचारलं की आता तर फोन आहेत, घरच्यांशी बोलता येत असेल ना. ते हसले. जहाजावर पुष्कळ सोय झाली आहे म्हणाले, पण पाणबुडीत सगळं बदललं तरी एक गोष्ट आमच्या वेळेपर्यंत बदलली नव्हती. बुडी मारल्यावर इथून बोलायचं नसतं, कारण बोललं की ठिकाण कळतं. बाहेरून निरोप तेवढे येतात. आणि कुणाच्या घरची वाईट बातमी आली, तर ती ऐकणारा रेडिओवाला आणि कॅप्टन एवढ्या दोघांतच राहते. बंदराला लागेपर्यंत त्या माणसाला सांगत नाहीत. सांगून काय करणार, त्याला वर पाठवता येत नाही आणि त्याच्या हातात सगळ्यांचा जीव असतो.

घोळका पुढं गेला. अण्णा तिथंच थांबले. खोलीच्या चौकटीला हात लावून ऋतुजाला म्हणाले, "मला एकोनीस दिसांनी कळलं."

आधी मला ते काय म्हणतायत ते समजलंच नाही. मग समजलं, ते शकूचं बोलत होते.

बाहेर येऊन आम्ही किनाऱ्याच्या कठड्यावर बसलो. ऋतुजानं मुरमुऱ्यांची भेळ आणली, ती कुणी खाल्ली नाही. अण्णांनी तिथं सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. शकू गेली तेव्हा ते पाण्याखाली होते. मामाची तार तळावर पोचली, तिथून निरोप बोटीला आला. तो घेणारा रेडिओवाला त्यांचा जिवाभावाचा मित्र, केरळचा. त्याला गप्प राहायचा हुकूम होता. त्या दिवसांत तो स्वतःच्या वाटणीचं डब्यातलं गोड दूध अण्णांना द्यायचा, आणि अण्णांना वाटायचं हा पत्त्यांत हरलाय म्हणून देतोय. कॅप्टन रोज इंजिनरूममध्ये चक्कर मारायचा आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जायचा. एकोणिसाव्या दिवशी बंदराला लागल्यावर त्यानं आपल्या खोलीत बोलावून सांगितलं. अण्णांचा त्या माणसावर राग नव्हता. मी असतो तर मीबी तेच केलं असतं, म्हणाले.

मग घरी खरं का नाही लिहिलं, मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा. अण्णा म्हणाले की बोट कुठं होती आणि किती दिवस खाली होती हे घरी कळवायचं नाही असा दंडक होता, पत्रं तपासली जायची. म्हणून सुट्टी मिळाली नाही असं लिहिलं. ठीक, पण नोकरी सुटून वळसंगला परत आल्यावर? तेव्हा कोण पत्र तपासत होतं?

अण्णा पाण्याकडं बघत म्हणाले, "काय सांगू तिला? पोरगी गेली त्या दिशी मी पत्ते खेळत हुतो. हसत हुतो. बारावं झालं त्या दिशीबी दूध पिऊन हसत हुतो. त्येच्यापरीस सुट्टी न्हाय मिळाली हेच बरं हुतं की."

पन्नास वर्षं त्यांनी आईला रागावू दिलं होतं, कारण हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मी त्यांचा मुलगा, रोज फोनवर बोलतो, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला.

ऋतुजाला ते म्हणाले, "तुला नगं म्हनायला हितं आनलं हुतं. ही खोली दावायला. आता तू बघ."  ऋतुजानं उलट विचारलं, आजीला हे माहीत आहे का? अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, "मग आजोबा, माझ्या सहीचं राहू द्या. आधी आजीला सांगा. नाही सांगितलं तर मी कागद देणार नाही."  चार दिवस जेवताना अबोला धरणारी ती हीच का, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी रोपवेनं डोंगरावर गेलो. तिथून सगळा किनारा दिसतो. क्षितिजावर राखाडी जहाजं उभी होती. अण्णा एकेक ओळखत होते, हे असलं, हे तसलं, आणि दोन त्यांनाही ओळखता आली नाहीत. त्यांच्या काळी तसली नव्हतीच. याच पाण्यात, बंदराच्या तोंडाशी, एकाहत्तरला शत्रूची एक पाणबुडी बुडाली आणि ती अजून तळाशी आहे, आतल्या माणसांसकट. त्यांच्याही घरी कुणीतरी तारेची वाट बघितली असेल. एवढं प्रचंड यंत्र माणसानं शंभर वर्षांत उभं केलं, कोळशाच्या फावड्यापासून अणूपर्यंत आणलं, आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी कुठल्यातरी वळसंगचा एक माणूस बसलेला असतो, ज्याला घरचं काही माहीत नसतं. मला त्या जहाजांपुढं फार लहान वाटलं. रोपवेचं तिकीट घ्याच, पायऱ्यांच्या नादी लागू नका.

 सोलापूरला उतरून आम्ही सरळ अक्कलकोट रोडनं वळसंगला गेलो. ओट्यावर उन्हात आई तूर निवडत बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, भाकरी मऊ पडली आसंल. ऋतुजा माझा हात धरून आत घेऊन गेली, पण दार उघडंच होतं आणि आम्ही दाराआड उभे राहून ऐकलं. लाज सोडून लिहितो.

अण्णा सुपाच्या पलीकडे खाली बसले, त्या गुडघ्यांनी. त्यांनी काही मागचं-पुढचं लावलं नाही. "शकू गेल्यालं मला ठाव न्हवतं. मी पान्याखाली हुतो. मला सांगितलंच न्हवतं कुनी."

आईचे हात थांबले नाहीत. तिनं खडे वेचत विचारलं, "किती दिसांनी कळलं?"

"एकोनीस."

मग त्यांनी पत्त्यांचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, हसत होतो तेही सांगितलं. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला.  आईनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता ती उठून जाईल.

"म्हंजे तुमच्यापाशी ती एकोनीस दिस जास्त जगली की," आई म्हणाली. "तवाच सांगितलं असतं तर मलाबी तेवडंच बरं वाटलं असतं. हितं तर कुनाकडंच ती न्हवती."

अण्णा सुपावर वाकून रडले. आईनं त्यांना रडू दिलं. थोड्या वेळानं तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि शकूला गूळ किती आवडायचा, ते सांगायला लागली. अण्णांना ते माहीत नव्हतं. ते सुट्टीवर यायचे तेव्हा ती त्यांच्या जवळ जात नसे, मिशीला भ्यायची. संध्याकाळपर्यंत दोघं तिथंच बसली होती आणि मी पहिल्यांदाच माझ्या बहिणीबद्दल ऐकत होतो.

विशाखापट्टणमला जायचं असेल तर जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, तिघांचं चार दिवसांत बेताच्या खर्चात होतं, आणि पाणबुडीत जाताना आधी पाय घाला, डोकं नको. मला तिथून काय मिळालं ते अजून नीट सांगता येत नाही. दुकानात मोटार बंद पडून अचानक शांत झाली की मी जरा थांबतो, एवढं खरं. त्या लोखंडाचा धाक मनातून गेला नाही आणि जाऊही नये असं वाटतं.

सही मी दुसऱ्या दिवशी सकाळी केली. आईनं स्वतःच कागद पुढं सरकवला. ऋतुजा बाकीचे रकाने भरत होती. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, असा एक रकाना होता, तिथं ती माझं नाव लिहायला लागली. ती काय लिहिते आहे, ते आईनं विचारलं. कळल्यावर तिनं पेनावर हात ठेवला.

"माझं घाल," ती म्हणाली. "ह्या बाप्यांना जमायचं न्हाय. वाट बघायचं काम मला येतंय."